दोन ओळींचा राजीनामा

गोमती नगर, लखनऊ
१२ मे २०२५

प्रिय चेतना,

दिवाळीनंतरचं हे माझं पहिलंच पत्र. मधल्या काळात तुझी दोन आली. दोन्ही ड्रॉवरमध्ये आहेत. ‘वेळ नव्हता’ असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी नुसत्या ‘बाकी काय’ म्हणत बसतो. इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल माफ कर.

घरी ठीक. अभिजित सकाळी साडेआठला जानकीपुरमला लॅबमध्ये जातो, तो अंधार पडताना येतो. निनाद दहावीत गेला. मी मराठीत रागावते, तो हिंदीत उत्तर देतो. परवा म्हणाला, “मम्मी, ऑफिस की मीटिंग घर पे मत लिया करो यार.”

ऑफिसचं वर्ष मात्र मोठं गेलं. तू नेहमी विचारतेस ना, की एचआरवाले नक्की करतात काय, वाढदिवसाचे केक कापण्याशिवाय? यंदा पहिल्यांदा माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. आमची कंपनी इस्पितळांसाठी यंत्रं बनवते. ऑपरेशनची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायची मोठ्या पेट्यांसारखी यंत्रं. कुठल्या जागेवरचा माणूस कंपनीचं मूल्य वाढवतो आणि कुठल्या जागेवरचा नाही, याचा नकाशा मी सात महिने खपून केला. अ, ब आणि क. अ जागांवर उत्तम माणसं आणायची, त्यांना शिकवायचं, जपायचं. क जागा हळूहळू कमी करायच्या. एकतीस मार्चला बोर्डापुढे मी तो मांडला. एमडी साहेब म्हणाले, “आज पहली बार एचआर ने धंधे की बात की है.” मला आनंद झाला. तो अजून आहे का, हे मी रोज तपासून पाहते.

तुझ्या मधुसूदनदादांनी मार्चअखेर आमच्याकडची नोकरी सोडली, हे तुला त्यांच्याकडून कळलं असेलच. त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. त्याबद्दल तुझ्या पत्रांत काही नव्हतं, म्हणून तू रागावली आहेस असं मी धरून चालले. त्यांना मीच इथं आणलं होतं. तुला वाईट वाटणं साहजिक आहे.

तुझी,
विभा

कऱ्हाड
१९ मे २०२५

विभे,

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि पुढचा तास पोरांना ‘वाचा, वाचा’ म्हणून काढला.

दादानं नोकरी सोडली? अगं, तो रोज संध्याकाळी सात वाजता नयनावहिनीला फोन करतो. ‘आत्ताच आलो ड्यूटीवरून, आज फार उकडत होतं.’ कालही केला. वहिनीनं मला फोन करून सांगितलंसुद्धा, की आवाज बसलाय त्याचा, लखनऊचं पाणी बाधलं असेल. मार्चअखेर म्हणजे पन्नास दिवस झाले. पन्नास दिवस माझा भाऊ कुठं जातो?

वहिनीला मी अजून काही बोललेले नाही. त्यांच्या श्रुतीची नर्सिंगची शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे, घरात आत्ता रडारड नको. दादालाही विचारलेलं नाही. विचारलं तर तो म्हणेल, ‘काय नाही गं,’ आणि फोन ठेवेल. तुला त्याचा स्वभाव ठाऊक आहे.

म्हणून तुला विचारते. इथला कारखाना बंद पडला तेव्हा एकावन्नाव्या वर्षी तो तुझ्या शब्दावर परमुलखात गेला. चोपन्नाव्या वर्षी ‘स्वतःहून’ नोकरी सोडायला त्याला काय झालं? आणि तुझ्या त्या नकाशात तो कुठल्या अक्षरात होता? अ तर नसणार. अ असता तर तू पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस.

रागावलेली नाही. घाबरले आहे. लवकर लिही, नाहीतर मी फोन करीन आणि नीट विचारीन.

चेतना

गोमती नगर, लखनऊ
२७ मे २०२५

प्रिय चेतना,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दादांच्या खोलीवर गेले. आलमबागला, मेट्रोच्या पुलाखालच्या गल्लीत. घरमालकीण म्हणाली, “मधु भैया तो दुकान पर होंगे.” कसलं दुकान, तर भांड्यांचं. दोन गल्ल्या पलीकडे.

फळीवर कुकर मांडलेले होते आणि दादा खाली स्टुलावर बसून एका कुकरच्या झाकणाला रबर बसवत होते. मला पाहिल्यावर उठले.

“या मॅडम.”

“दादा, इथं कसलं मॅडम? विभा म्हणा.”

“सवय लागली. तिथं नावानं हाक मारली असती, तर म्हणाले असते, ओळखीनं आलाय.”

दुकानदारानं विचारलं, “कौन हैं?” दादा म्हणाले, “हमारे गाँव की हैं. बहन की सहेली.” त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

मध्येच एक बाई कुकर घेऊन आल्या. “भैया, सीटी नहीं देता.” दादांनी झाकण बोटांनी चाचपलं, कानाजवळ नेऊन टिचकी मारली. “सीटी का दोष नाही है, बहनजी. किनार दबलेली है. पटकते हो.” “हम नहीं, हमारी बहू पटकती है.” “तो बहू को ले आओ, उसका भी रबर बदल देते.” बाई हसत सुटल्या. दादांचं हिंदी तीन वर्षांत एवढंच झालं आहे, पण गिऱ्हाइकांना ते आवडतं असं दुकानदार म्हणाला.

मग त्यांनी सांगितलं, ते तसंच्या तसं लिहिते. चोवीस मार्चला एका यंत्राचं दार वाफ सोडत होतं. दादा शेवटच्या तपासणीवर. त्यांनी शिक्का मारायला नकार दिला. विपुल म्हणून सुपरवायझर आहे, तरुण, त्याला महिनाअखेर गाडी भरायची होती. तो म्हणाला, “आपकी उमर हो गई है, अंकल, आपको हर जगह भाप दिखती है.” दादांनी शिक्का उचलून त्याच्या अंगावर फेकला. त्याच्या भुवईला लागला. कारखान्याचे मॅनेजर गजेंद्रसिंह आले. सगळ्यांदेखत म्हणाले, “मधुसूदन जी, बात मत बढ़ाइए, राजीनामा लिख दीजिए.”

“मी म्हटलं, लिहितो. रात्रभर विचार केला. मारलं तर होतंच. दुसऱ्या दिवशी लिहून दिला. दोन ओळी. आणि बेंचवरची तीन पोरं, मी ज्यांना शिकवलं ती, हातात पेन घेऊन रांगेत उभी होती. मला घालवायच्या कागदावर सही करायला. ते बघितलं आणि डबा उचलून निघालो. त्यांचे फोन येतात. मी घेत नाही.”

फोन न घेणं त्यांना जमतं. त्यांना चहा पिताना मला पाहवत नव्हतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, त्यांची जागा क मध्ये होती. माणूस नव्हे, जागा. शेवटची तपासणी मूल्य वाढवत नाही, ती फक्त आधीच झालेली चूक शोधते. चूक होऊच नये यावर खर्च करावा, असं आमचं शास्त्र सांगतं, आणि ते चुकीचं आहे असं मला अजून म्हणता येत नाही. पण राजीनाम्याचा नकाशाशी संबंध नाही. गजेंद्रसिंह तसं का म्हणाले, मला ठाऊक नाही.

विभा

कऱ्हाड
५ जून २०२५

विभे, विभे, विभे,

अगं वेडाबाई, तू कोणाला पत्र लिहितेस ते विसरलीस का? मी पंचवीस वर्षं हिंदी शिकवते! दर जूनमध्ये फळ्यावर यादी लिहिते, दिसायला सारखे आणि अर्थ वेगळे. शिक्षा म्हणजे मराठीत छडी, हिंदीत शाळा. चेष्टा म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. आणि यादीतला सातवा शब्द राजीनामा! त्यांच्याकडं राजीनामा म्हणजे समेट. दोघं राजी झाले, लिहून दिलं, भांडण मिटलं. नोकरी सोडायची असली तर ते इस्तीफा म्हणतात.

तो गजेंद्रसिंह बिचारा भांडण मिटवत होता! आणि आमचा दादा, सरळ रेषेत चालणारा, नोकरी लिहून देऊन आला!

मी लगेच दादाला फोन लावला. सगळं समजावलं. तर म्हणाला, “म्हणजे पोरं समेटावर सही करायला आली होती?” मी म्हटलं, हो रे. “ “आणि मी त्यांचे फोन घेतले नाहीत,” आणि फोन ठेवला. तासाभरानं त्याचाच आला. तिघांशी बोलला होता. एक जण त्याला म्हणाला, “गुरुजी, हमको लगा आप हमसे ग़ुस्सा हैं.” सांगताना हसत होता. मार्चनंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना ऐकलं.

आता तुझं काम सोपं आहे. तू वर जाऊन एवढंच सांगायचं, की शब्दाचा घोटाळा झाला. कोणी वाईट नाही, कोणाची चूक नाही. तुझ्याही ध्यानात आलं नाही, येणार कसं? समोर मराठी माणसाचा कागद, तू तो मराठीतच वाचणार. पण अठरा वर्षं लखनऊत राहून, बाई! तुझं हिंदी मी नापास करते.

दादानं युनिफॉर्मचा शर्ट धुऊन ठेवलाय. तुझ्या फोनची वाट बघतोय.

चेतना

गोमती नगर
१४ जून २०२५

प्रिय चेतना,

पत्र मिळालं. घाईत लिहिते. राजीनामा मंजूर झाल्यावर तो मागं घेण्याची रीत आमच्या नियमांत नाही, आणि ती जागा एक एप्रिलपासून गोठवलेली आहे. तरी बघते काय करता येतं. दादांना म्हणावं, घाई करू नका.

निनादला ताप आहे.

विभा

कऱ्हाड
२६ जून २०२५

प्रिय विभा,

निनाद बरा असेल.

सोमवारी दादा स्वतः गेला होता. कारखान्यावर नाही, तुझ्या गोमती नगरच्या ऑफिसात. आलमबागहून दोन रिक्षा बदलून, युनिफॉर्म घालून. गेटवर कार्ड चाललं नाही. गार्डनं वर फोन लावला, तर ‘मॅडम मीटिंग में हैं.’ दादा दोन तास उभा राहिला. गार्डनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मीटिंगच होती. मग तो परत दुकानात गेला.

मला म्हणाला, “विभाला त्रास देऊ नको. तिची अडचण असेल.”

शर्ट त्यानं दुकानदाराच्या पोराला दिला, भांडी पुसायला.

मी तुला सव्वीस वर्षं ओळखते. तिकीट द्यायला विसरलेल्या कंडक्टरच्या मागं तुला पळताना मी पाहिलंय. म्हणून एकच विचारते, आणि उत्तर काहीही असलं तरी मला ते हवंय. ती मीटिंग होती का?

चेतना

गोमती नगर, लखनऊ
९ जुलै २०२५

प्रिय चेतना,

मीटिंग नव्हती. मी खिडकीतून त्यांना पाहत होते. पहिला अर्धा तास मला वाटत होतं, आता खाली जाईन. नंतर उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि त्यानंतर ते जाण्याची वाट पाहिली.

मी आता सगळं लिहिते. कुठे स्वतःला बरं दाखवते आहे असं वाटलं तर ती ओळ खोटी समज.

सत्तावीस मार्चला दादांचा कागद माझ्या टेबलावर आला. त्यावर हिंदीत दोन ओळी होत्या. “मैं अपनी मर्ज़ी से राजीनामा देता हूँ. किसी से कोई शिकायत नहीं.” खाली विपुलची सही, तिघा फिटरांच्या सह्या, आणि गजेंद्रसिंहांचा शेरा: मामला ख़त्म, फ़ाइल कर दें. मी पहिल्यांदा वाचलं ते मराठीतच. इथपर्यंत तू म्हणतेस तसंच. पण सोडून जाणाऱ्याच्या कागदावर फिटर सह्या का करतील, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो कागद बाजूला ठेवला.

अठ्ठावीसला गजेंद्रसिंहांचा फोन आला.

“मैडम, मधुसूदन जी तीन दिन से आए नहीं. नाराज़ हैं क्या? राजीनामा तो हो गया था.”

त्या क्षणी मला समजलं. तुझी यादी मलाही येते, चेतना. अठरा वर्षांत मी इथल्या शेजाऱ्यांचे पार्किंगवरचे दोन राजीनामे होताना पाहिले आहेत.

मी म्हटलं, “उन्होंने इस्तीफ़ा दिया है.”

“इस्तीफ़ा? अरे नहीं मैडम, वो तो सुलह का काग़ज़ है. मैंने ही लिखवाया.”

आणि मग मी म्हटलं, “मराठी में राजीनामा इस्तीफ़े को ही कहते हैं. उन्होंने सोच-समझकर लिखा है.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे. ते घोळ घालून लिहून बसलेत, त्यांना फक्त एक फोन करायला हवा, एवढंच मी बोलले नाही. गजेंद्रसिंह म्हणाले, “आप मराठी हैं, आप ही बेहतर जानती हैं.” त्या संध्याकाळी मी मंजुरीचं पत्र पाठवलं.

का, याचं उत्तर डायरीत चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा वेगळं आलं. त्यातलं जे सगळ्यात कुरूप आहे ते असं. नकाशात नऊ जागा कमी व्हायच्या होत्या. आठांची सोय लागली होती: निवृत्ती, बदल्या. नवव्यासाठी मला कोणाला तरी समोर बसवून सांगावं लागणार होतं. ते मला येत नाही. सात महिने मी जागांची अक्षरं ठरवली, पण एका माणसाच्या तोंडावर ‘तुम्ही नको आहात’ म्हणायची वेळ टाळत राहिले. आणि इथं तो माणूस आपण होऊन निघाला होता. शिवाय तो माझ्या ओळखीचा, म्हणजे त्याला थांबवलं तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला वाचवलं. असा सगळा निःपक्षपातीपणा मी दादांवर खर्च केला.

पुढचं ऐक. एप्रिलपासून दाराच्या तक्रारी वाढल्या. आधी वर्षाला दोन-तीन यायच्या, या तिमाहीत अकरा आल्या. अकरा यंत्रं म्हणजे अकरा इस्पितळांत हत्यारं नीट निर्जंतुक होतात की नाही ही शंका. अजून कोणाला अपाय झाल्याचं कळलेलं नाही. मी कारखान्यात जाऊन त्या तिघांना विचारलं, दादा नक्की काय करायचे? एक जण म्हणाला, “मैडम, गुरुजी ख़राब दरवाज़ा रिजेक्ट नहीं करते थे. जिसने बिठाया, उसी को बुलाते थे. कान लगवाते थे. कहते थे, सुन, कहाँ से बोल रहा है. फिर उसी से दोबारा बिठवाते थे.” म्हणजे मी ज्याला तपासणी म्हटलं ते शिकवणं होतं. शिकवण्याला माझ्या नकाशात अ होतं, पण ते प्रशिक्षण विभागाच्या नावापुढं. दादांच्या नावापुढच्या रकान्यात मी ‘शिक्का मारणे’ लिहिलं होतं. त्यांच्याजवळ एक दिवस उभं राहून पाहिलं असतं तरी कळलं असतं. मी तीन वर्षं त्यांच्यापासून लांब उभी राहिले, ओळख दिसू नये म्हणून.

सत्तावीस मेच्या पत्रात मी गजेंद्रसिंहांचं ते वाक्य तुला जसंच्या तसं लिहिलं. तू काय शिकवतेस हे मी विसरले नव्हते. मला वाटतं, मला सांगायचं नव्हतं, पकडलं जायचं होतं. आणि तू मला पकडण्याऐवजी नापास करून हसलीस. ते पत्र मी पुन्हा उघडू शकलेले नाही.

आज दुपारी मी सगळं लिहून, तो मूळ कागद जोडून, एमडी साहेबांना दिलं. दादांना परत घ्यावं, अशी शिफारस केली. त्यांनी शांतपणे वाचलं.

“विभा जी, ये लिखकर क्यों दिया? ज़बानी बता देतीं.”

“सर, ग़लती मेरी है. सुधारनी है.”

“मगर जगह कहाँ है? आपने ही तो दिखाया था कि उस पोस्ट की ज़रूरत नहीं. बोर्ड ने पास किया. अब बोर्ड से क्या कहें, कि एचआर को मराठी ज़्यादा आती थी?” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, दाराच्या तक्रारींसाठी फिटरांचा ट्रेनिंग प्रोग्राम मी बनवावा, बाहेरची चांगली एजन्सी बघावी. आणि हा कागद फाइलमध्ये ठेवू नये.

मी म्हटलं, ठेवला आहे. चार वाजता उद्याच्या आढावा बैठकीच्या यादीतून माझं नाव गेलं.

म्हणजे दादांना जागा नाही. मी ती इतकी नीट पुसली, की आता मलाच सापडत नाही. कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येईल. दादांनी केला तर माझा कागद पुरावा म्हणून उभा राहील, आणि मी साक्ष देईन. पण ते करतील का, मला माहीत नाही. ते अजून समजतात की शब्दानं घोटाळा केला. तू त्यांना दिलेला तो एक दिलासा मला काढून घ्यायचा आहे. हे पत्र पोचेपर्यंत माझं सांगून झालं नसेल, तर तू फोनवर आधी सांगू नकोस, एवढीच विनंती. बाकी माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

विभा

ता. क. डायरीत लिहून ठेवलंय. उद्या: दुकान उघडायच्या आत, दहाला, आलमबागला जाऊन दादांना समोर बसून सांगणे.